सूडपटाची प्रगती: मुखवटा झाला, रक्त जमलं, पहिला प्रसंग अजून छळतोय

मंडळी, मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढं सरकलंय. मुखवटा तयार आहे, दोन खून शूट झालेत, आवाजाचं काम निम्म्यावर आलंय आणि शेवटचा पाठलाग अजून कागदावरच आहे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात: शाळेत ज्याला वर्गानं मिळून हैराण केलं तो मुलगा मोठा होऊन परततो आणि बंद पडलेल्या शाळेत जमलेल्या जुन्या वर्गमित्रांना एकेक करून संपवतो. कथेत नावीन्य शून्य. असू दे. स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारत जाणाऱ्या खुन्याचा सिनेमा, करणाऱ्यानं नावीन्याची हौस दुसरीकडे भागवावी.

हा साचा पक्का झाला तो 1980 च्या सुमारास. ‘प्रॉम नाइट’ आणि ‘टेरर ट्रेन’ दोन्ही त्याच वर्षीचे, दोन्हींत नायिका जेमी ली कर्टिस आणि दोन्हींच्या मुळाशी जुनं पाप. एकात लहान मुलांच्या दुष्ट खेळात एका मुलीचा जीव जातो, दुसऱ्यात कॉलेजातल्या पोरांची मस्करी एका मुलाला कायमचं हलवून टाकते. 1986 चा ‘स्लॉटर हाय’ तर आपल्याच विषयावरचा: वर्गातल्या टवाळखोरांनी एका अभ्यासू मुलाला एप्रिल फूल करण्याच्या नादात केलेला घात. गोष्ट अमेरिकेत घडते, शूटिंग झालं ब्रिटनमध्ये. मूळ नाव ‘एप्रिल फूल्स डे’ होतं, पण पॅरामाउंट या बड्या स्टुडिओचा त्याच नावाचा सिनेमा येत असल्यानं ते बदलावं लागलं. कमी पैशांत सिनेमा करणाऱ्यांच्या नशिबी बारसंसुद्धा दोनदा! सिनेमाच्या अभ्यासक व्हेरा डिका यांनी 1990 च्या पुस्तकात या सगळ्या लाटेची रचनाच मांडलीय: आधी भूतकाळातली घटना, मग वर्तमानातली.

आता माझं घोडं अडतं ते इथं. बहुतेक सिनेमे ती भूतकाळातली घटना उरकून टाकतात. पाचेक मिनिटं मस्करी, एक किंकाळी, ‘काही वर्षांनंतर’ अशी पाटी, की लागले खुनाला. ज्या सिनेमात खुनी नुसतीच एक आकृती असते, त्याला कारण नसतंच, तिथं हे चालून जातं. सूडाच्या गोष्टीत मात्र प्रेक्षक खुन्याच्या बाजूला जाऊन बसतो. पहिला प्रसंग लेचापेचा झाला तर खुनी निव्वळ माथेफिरू ठरतो. फार जोरकस झाला तर प्रत्येक खुनाला टाळ्या पडतात आणि भीती पार उडून जाते. या दोन टोकांच्या मधली जागा सापडली तरच पुढच्या रक्ताला काही अर्थ. म्हणून शूटिंगचा सगळ्यात जास्त वेळ मी या प्रसंगाला दिलाय, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

प्रसंग असा आहे. शाळेच्या नाटकासाठी केलेलं गाढवाचं तोंड चौघं जण त्याच्या डोक्यावर दाबून बसवतात. ते अडकतं. निघत नाही. बस, एवढंच. कॅमेरा मुखवट्याच्या आत आहे: डोळ्यांच्या दोन भोकांतून दिसणारा वर्ग, हसणारी तोंडं अर्धीच, आणि आवाज म्हणाल तर त्याचा स्वतःचा श्वास. हसणं बाहेरून, गोधडीआडून यावं तसं. सगळ्यात शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी दिसते. ती उभी राहते, बघते, आणि पुन्हा खाली बसून वही उघडते.

ही मुलगी शेवटपर्यंत जगणार. अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी 1987 च्या निबंधात ‘फायनल गर्ल’ ही कल्पना मांडली तेव्हापासून आपण सगळे शेवटी उरणाऱ्या मुलीबद्दल बोलतोय: ती सावध असते, बाकीच्यांसारखी वाहवत नाही. माझ्याकडे ती सावध आहेच, पण तेव्हाही सावधच होती, म्हणून तर गप्प बसली. तिनं छळलं नाही आणि थांबवलंही नाही. तिच्या मागं खुनी लागेल तेव्हा प्रेक्षकानं नेमकं कुणाच्या बाजूनं व्हायचं, हे त्याचं त्यानं बघावं.

यातून एक तांत्रिक निर्णय आपोआप सुटला. स्लॅशरमध्ये खुन्याच्या नजरेतून चालणारा कॅमेरा हवाच. 1978 च्या ‘हॅलोवीन’ची सुरुवात याच नजरेतून होते, त्यासाठी पॅनाग्लाइड, म्हणजे अंगाला बांधून कॅमेरा धक्क्यांशिवाय चालवायचं साधन, वापरलं होतं. आपल्याकडे ती चैन नाही. 24 मिमीची लेन्स, कॅमेरा छातीशी घट्ट, गुडघे वाकवून संथ चाल. पण मी ही नजर आधी खुन्याला दिलेलीच नाही, मुलाला दिलीय. पहिल्या प्रसंगात तो मुखवट्यासकट धडपडत ज्या व्हरांड्यातून पळतो, त्याच व्हरांड्यातून, त्याच लेन्सनं, त्याच उंचीवरून पुढं खुनी चालत येतो. फरक एकच, आता चाल संथ आहे. रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, दाखवला तेव्हा हे कुणीतरी न सांगता पकडलं, आणि मला उगाच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

मुखवट्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मातीचा साचा, त्यावर व्हॅसलीनचा हात, मग खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. दोन-तीन थर झाले की पूर्ण वाळू द्यायचं, मगच पुढचे. घाई केली की आत बुरशी धरते. कान तारेवर उभे केलेत. डोळ्यांच्या भोकांना आतून काळी जाळी लावलीय: आतल्याला बाहेरचं दिसतं, कॅमेऱ्याला आतलं काही दिसत नाही. नट नीट चालू शकतो, आणि डोळ्यांच्या जागी नुसता काळोख राहतो. एकाच साच्यावरून दोन नग काढलेत. एक नवाकोरा, पहिल्या प्रसंगासाठी. दुसरा पॉलिश पेपरनं घासून, चहाच्या पाण्यानं डागाळून, एक कान मोडून. तोंडावर कुठलाही भाव ठेवलेला नाही. ‘हॅलोवीन’चा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा चेहरा, डोळे मोठे कापून पांढरा फासलेला. तो भीतीदायक वाटतो याचं कारण त्यावर काही लिहिलेलंच नाही. हसरं गाढव केलं असतं तर विनोदी झालं असतं.

रक्ताचं थोडक्यात. साखरेचा घट्ट पाक, त्यात लिंबाचे थोडे थेंब म्हणजे दाणे धरत नाहीत, लाल खाद्यरंग, आणि गरम पाण्यात आधी कालवून घेतलेली चिमूटभर कोको पावडर. कोको नसेल तर रंग सरबताचा दिसतो. कपड्यांवर उडवायचं असेल तर पाकाऐवजी भांडी घासायचा लिक्विड साबण, धुताना डाग निघतो. पण ही बाटली वेगळी ठेवा आणि तोंडाजवळ नेऊ नका. मेकअप कलाकार डिक स्मिथ यांच्या नकली रक्ताच्या प्रसिद्ध सूत्रातही फोटो धुताना लागणारं ‘फोटो-फ्लो’ होतं, तेही पोटात जायच्या लायकीचं नाही. अजून एक: निळ्या प्रकाशात लाल रक्त काळं दिसतं. चांदण्याचा निळा प्रकाश आणि लालभडक रक्त दोन्ही एका फ्रेममध्ये हवं असेल तर रक्तापुरता एक पिवळा दिवा बाजूला लावावाच लागतो. ‘सायको’ला ही कटकट नव्हती, सिनेमा काळा-पांढरा, चॉकलेट सिरपवर भागलं.

दुसरा खून उलटा शूट केला. चाकू, म्हणजे चंदेरी रंग दिलेली बोथट लाकडी पट्टी, आधी गळ्याला टेकवायची, मग झटक्यात मागं ओढायची आणि एडिटमध्ये शॉट उलटा फिरवायचा. वार जोरात बसल्यासारखा दिसतो आणि कुणाला ओरखडाही येत नाही. मात्र नटाला सगळं उलट्या क्रमानं करावं लागतं: आधी वेदनेनं ताणलेला चेहरा, मग दचकणं, मग बेसावधपणा. शॉटमध्ये काहीही ठिबकता कामा नये, नाहीतर थेंब वर चढताना दिसतात. आमच्या नटीनं आधी श्वासाचा सराव केला, कारण आत घेतलेला श्वास उलटा फिरवला की बाहेर सोडल्यासारखा दिसतो. मग ती मान हलवताना मनात आकडे उलटे मोजायची. हा शॉट पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

व्हरांड्यातल्या जुन्या ट्यूबलाइटनी मात्र छळलं. हल्ल्याचे शॉट तुटक, खडखडीत दिसावेत म्हणून मला शटर 1/200 वर न्यायचा होता, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा 1/200 भागच उजेड. वीज 50 हर्ट्झची असेल तर अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. सेकंदाला 24 फ्रेम घेताना 1/50 वर ते जाणवत नाही, 1/200 वर चित्रातून पट्टे सरकायला लागतात. शेवटी ट्यूब बंद केल्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या, लुकलुक न करणाऱ्या एलईडीवर काम केलं. ट्यूब फडफडते तो परिणाम हवा असेल तर तो हातानं, पुठ्ठा हलवून.

आवाजात कोबी, ओला टॉवेल आणि गाजरं यांवर सगळा डोलारा उभा आहे. ‘सायको’साठी खरबूज भोसकलं होतं, मी करून पाहिलं, पण माझ्या माइकवर कोबीच जास्त मांसल वाजला. श्वास मात्र खऱ्या मुखवट्याच्या आत छोटा माइक चिकटवूनच रेकॉर्ड केलाय. कागदाच्या त्या पोकळीत जी घुसमट ऐकू येते, ती नंतर इफेक्ट टाकून येत नाही. संगीत अजून नाही. पाच मात्रांचा ठेका डोक्यात आहे, पण ‘हॅलोवीन’चा 5/4 इतका कानात बसलाय की काहीही वाजवलं तरी त्याचा दिग्दर्शक-संगीतकार जॉन कार्पेंटरच ऐकू येतो. बहुधा संगीत न ठेवता श्वासावरच निभावेन.

एक सूचना, नव्या लोकांसाठी. शाळकरी मुलांच्या भूमिका आम्ही सज्ञान नटांनाच दिल्यात. मुखवटा दाबण्याचा प्रसंग आधी संथ गतीत बसवला, आणि आतल्याला एक ठरलेला शब्द दिला, तो उच्चारला की सगळ्यांचे हात बाजूला. अभिनय म्हणून ‘सोडा, सोडा’ तो ओरडणारच आहे, त्यामुळे शब्द प्रसंगात कधीच न येणारा हवा. आमचा शब्द होता ‘भोपळा’. बाहेर शूट करताना आसपासच्यांना आधी कळवा. मुखवटा घातलेला माणूस हातात चाकू घेऊन फिरताना दिसला की लोक कॅमेरा शोधत बसत नाहीत.

आता उरलाय पाठलाग आणि टोळीच्या म्होरक्याचा खून. त्याच्याबद्दल दोन मतं पडलीत. एक गट म्हणतो, सगळ्यात क्रूर खून त्याचाच हवा, प्रेक्षक त्याचीच वाट बघत असतो. मला वाटतं, त्याच्या डोक्यावर तो जुना मुखवटा चढावा आणि दार लागावं, चाकू वापरूच नये. दोन्ही शूट करायला वेळ नाही. शॉटची यादी पुढच्या नोंदीत टाकते, तोवर तुमचं मत कळवा. पण ‘दोन्ही करा’ असं म्हणू नका.