आजोबांचा डायलवाला फोन फायबरवर वाजवला
नौपाड्याचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा माळ्यावरून आजोबांचा काळा डायलवाला फोन निघाला, आयटीआय म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज कंपनीचा, वजनाला अक्षरशः वीट. फायबर इंटरनेटच्या राउटरच्या मागच्या फोन पोर्टला लावला तर बोलणं झकास, पण रिंग आली की नुसती किरकिर.

कारण आत खऱ्या वाट्या आणि हातोडी आहे हो, तिच्या कॉइलला साधारण 75 ते 90 व्होल्ट एसी लागतो, तोही सेकंदाला 20-25 वेळा उलटसुलट होणारा, एक्स्चेंज तो आरामात द्यायचं, राउटर मात्र कमी व्होल्टेजवर भागवतो कारण हल्लीच्या फोनना तेवढं पुरतं. मग सगळा जोर घंटीलाच मिळावा म्हणून त्याच पोर्टवरचा कॉर्डलेस फोन काढला, घंटीच्या सीरिजमधला कपॅसिटर म्हातारा झालेला तो लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलला, हातोडीची स्प्रिंग किंचित सैल केली. आणि वाजली की! आई किचनमधून ओरडली, "अरे कोणीतरी उचला!"

(रिंग चालू असताना वायरला हात लावू नका, चांगलाच झटका बसतो.)

डायल फिरवून नंबर मात्र लागत नाही, आमच्या राउटरला पल्स डायलिंग (डायल फिरताना लाइन तुटक-तुटक करून आकडे पाठवायची जुनी पद्धत) कळतच नाही, त्यामुळे सध्या फक्त इनकमिंग.