पाऊल घसटते, मांडी मात्र भक्कम: माझ्या स्नायूंच्या आजाराच्या निदानाचा अनुभव

तिशीच्या आसपास माझ्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटू लागली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना चढताना बोटे पायरीला अडखळत, पण चढण्याची ताकद पुरेपूर होती. कमरेच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधली एक चकती किंचित बाहेर आलेली दिसली, म्हणून नसेवर दाब असल्याचे ठरले आणि व्यायाम व गोळ्या चालू झाल्या. अशी चकती निरोगी माणसांच्या तपासणीतही पुष्कळदा आढळते. शिवाय मला ना कळ होती, ना मुंग्या, ना बधिरपणा, आणि हे प्रत्येक वेळी सांगूनही कागदावर येत नव्हते. पुढे डावे पाऊलही तसेच पडू लागले, तेव्हा एका चकतीचे स्पष्टीकरण अपुरे आहे, हे आईनेच प्रथम बोलून दाखवले.

बडोद्यातल्याच एका ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्टांनी नवी तपासणी लिहून देण्याआधी मला टाचांवर चालायला सांगितले, ते जमले नाही. मग उकिडवे बसवून हात न टेकता उठायला सांगितले, ते सहज जमले. पालथे झोपवून गुडघा वाकवायला लावला, तेव्हा मांडीच्या मागचे स्नायू त्यांच्या हाताच्या दाबापुढे टिकले नाहीत, पुढचे मात्र शेवटपर्यंत हटले नाहीत. प्रत्येक स्नायूची ताकद त्यांनी शून्य ते पाच या श्रेणीत लिहून घेतली. माझ्या मते निदान खरे त्या टेबलावर झाले. पुढच्या तपासण्यांनी ते पक्के केले.

नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, सामान्य आली आणि ईएमजीमध्ये, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीत, दोष स्नायूंचा दिसला. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे सीपीके थोडेच वाढलेले होते. मांड्यांच्या एमआरआयमध्ये मागच्या स्नायूंच्या जागी चरबी भरलेली होती आणि पुढचा क्वाड्रिसेप्स जवळजवळ शाबूत होता. ही ठेवण जीएनई मायोपॅथी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची ओळख मानली जाते. जपानमध्ये डॉ. नोनाका यांनी १९८१ मध्ये वर्णिलेल्या या आजाराचे जनुक २००१ मध्ये सापडले; त्यातल्या दोषामुळे शरीरात सियालिक ॲसिड हा साखरेसारखा घटक तयार होण्यात अडथळा येतो. संशय इतका नेमका असल्यामुळे स्नायूचा तुकडा काढण्याऐवजी आधी जनुकीय चाचणी करायचे ठरले.

तो अहवाल हाती आला तेव्हा सारे संपले असे घरात वाटले, पण तसे नव्हते. जनुकात दोन बदल होते: एक भारतीय रुग्णांत वारंवार आढळणारा, दुसरा ‘महत्त्व अनिश्चित’, म्हणजे त्याने आजार होतो की नाही हे ठरलेले नाही, असा शेरा असलेला. हा आजार होण्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष लागतो. दोन्ही बदल एकाच प्रतीवर असते, तर त्यांतून माझा आजार सिद्ध झाला नसता. म्हणून आई-बाबांचे रक्त तपासले. एक बदल आईकडून आणि दुसरा बाबांकडून आल्याचे दिसले, तेव्हाच डॉक्टरांनी निदान लेखी दिले. अनिश्चित शेऱ्याचा अहवाल मिळालेल्या प्रत्येकाने आई-वडिलांच्या चाचणीविषयी जरूर विचारावे, कारण ती आपणहून सुचवली जाईलच असे नाही.

आई फार रडली. आपण दिले, असे तिला वाटत राहिले. अशा बदलाची एकच प्रत असलेल्या माणसाला आजार होत नाही आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो, हे जनुकीय समुपदेशकांनी तिला मराठीतून, न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावले. आजार थांबवणारे औषध मला मिळालेले नाही. पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट आणि बेताचा व्यायाम, एवढेच सध्या आहे. धाकट्या भावाला हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के होती. लग्न ठरण्यापूर्वी त्याने स्वतःहून चाचणी करून घेतली, आणि त्याच्यात बाबांकडचा एकच बदल निघाला.