तुम्ही विचारलंत म्हणून: पाळी गेली, मग हार्मोनची गोळी कशाला?

स्तनाच्या कॅन्सरनंतर मी रोज एक गोळी घेते. त्यावरून जिन्यात विचारतात, भिशीत विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढता वाढता विचारलं. "मॅडम, तुमची पाळी जाऊन दहा वर्षं झाली ना? मग हार्मोनची गोळी कशाला?" आणि मग आवाज उतरवून, "त्यानंच परत उलटायचं नाही ना?"

घोटाळा नावातच आहे. सगळे तिला हार्मोनची गोळी म्हणतात, दवाखान्यातसुद्धा. माझ्या लेट्रोझोलच्या अडीच मिलिग्रॅममध्ये हार्मोन कणभरही नाही. उलट इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन बनवणारं एन्झाइम अडवून ती ते तयारच होऊ देत नाही.

मी २८ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. एन्झाइम, म्हणजे पुस्तकातलं 'विकर', समजावताना मटण लवकर शिजावं म्हणून घालतात तो कच्च्या पपईचा तुकडा सांगायचे. (विरजण सांगितलं की मुलं जंतू आणि विकर यांची खिचडी करत.) पण इस्ट्रोजेन अंडाशयात बनतं आणि पाळीबरोबर संपतं, ही समजूत माझीही होती.

त्यापायी मूर्खपणा करून बसले. गोळी सुरू होऊन चार महिने झाले होते. सकाळी बोटं इतकी आखडायची की बरणीचं झाकण फिरेना. मनानंच जाऊन रक्तातलं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, तपासून आले. आकडा तळाला. आता आणखी काय कमी करायचं, म्हणून गोळी बंद केली. सहा आठवडे, कुणाला न सांगता. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "गोळी चालू असताना तपासलंत, तर कमीच येणार ना, टीचर?" दहावीच्या पोरानं केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं, अशी ही चूक. वर साधी रक्ततपासणी इतक्या खालच्या पातळीवर भरवशाची नसते, हेही तेव्हाच कळलं.

आता मूळ उत्तर. अंडाशय थकले तरी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनडायोन नावाचं द्रव्य रक्तात सोडत राहतात. ते पुरुषी हार्मोनांच्या घराण्यातलं. चरबीत, स्नायूंत, त्वचेत अरोमाटेज नावाचं विकर असतं. सुगंधाशी त्याचा काही संबंध नाही. ते या १९ कार्बनच्या रेणूतला एक कार्बन छाटून त्याचं १८ कार्बनचं इस्ट्रोजेन करतं. इवलासा फरक, पण पेशीला मिळणारा निरोपच बदलतो.

आणि स्तन म्हणजे बरीचशी चरबीच. त्यामुळे पाळी गेलेल्या बाईच्या स्तनात इस्ट्रोजेन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त सापडतं. १९८०च्या दशकात एडिंबरात काढलेल्या स्तनांचे चार चतकोर करून प्रत्येकातल्या चरबीत हे विकर किती काम करतंय ते मोजलं गेलं. ज्या चतकोरात गाठ, बहुतेकदा तिथेच ते सर्वांत जोरात. आधी गाठ की आधी विकर? दोन्ही बाजूंनी चालतं. गाठीतून आणि आसपासच्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं द्रव्य पाझरतं, त्यानं शेजारच्या पेशींमधलं अरोमाटेज वाढतं. म्हणजे गाठ शेजारणीच्या चुलीवर आपला स्वयंपाक करून घेते. हे सगळं इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या, रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलेल्या गाठींबद्दल. बाकीच्यांना ही गोळी देत नाहीत.

ती चूल विझवायची कल्पना अँजेला ब्रोडी या बाईंची. १९७०च्या दशकात त्या अमेरिकेत फक्त अरोमाटेज अडवणारं औषध शोधत बसल्या. त्यांचं फॉर्मेस्टेन इंजेक्शनानं द्यावं लागे. लेट्रोझोल नंतरचं, १९९०च्या दशकातलं. त्या विकराच्या मध्यभागी हिमोग्लोबिनमध्ये असतं तसंच लोहाचं हीम असतं. लेट्रोझोल नेमकं त्या लोहाला जाऊन चिकटतं.

"म्हणजे जाडीमुळे झालं का?" हा प्रश्न मला बोचतो. पाळीनंतर वजन जास्त असेल तर धोका वाढतो, हे खरं. चरबी जास्त म्हणजे चुली जास्त. पण निदान झालं तेव्हा मी ५१ किलोची होते. आजारी बाईच्या ताटात डोकावून कारण शोधण्याची आपल्याकडे फार हौस.

बोटं अजून आखडतात. इस्ट्रोजेन हाडांनाही लागतं, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि अधूनमधून हाडांची डेक्सा तपासणी मागे लागली आहे. कोमट पाण्यात हात बुडवून मग कणीक मळते.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, तुझी कॅन्सरची गोळी मला मूल व्हावं म्हणून लिहून दिलीये!" तिला पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयात बीज वेळेवर पिकत नाही. घाबरली होती. पाळी चालू असलेल्या बाईत इस्ट्रोजेन थोडे दिवस घटलं की मेंदू अंडाशयाला जोरात हाका मारतो आणि बीज पिकतं, म्हणून तिला पाचच दिवस. भारतात २०११ साली या वापरावर बंदी आली, २०१७ला उठली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण तू तर रोज घेतेस. तुझा मेंदू नाही मारत हाका?"

मारतो की. ऐकायला अंडाशय जागं कुठाय?