अलॉय ‘बसतं’ म्हणजे नेमकं काय?

नाशकात सातपूरला विचारा नाहीतर द्वारकेला, अलॉयच्या (मिश्रधातूच्या रिमच्या) दुकानात ‘माझ्या गाडीला बसतं का?’ म्हटलं की ‘बसतं ना साहेब’ हेच उत्तर येतं. ते खोटंही नसतं. दुकानाच्या भाषेत ‘बसतं’ म्हणजे रिमची भोकं गाडीच्या स्टडवर (नट बसतो त्या आटेदार खुंट्यांवर) चढतात, म्हणजेच पीसीडी (भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीतला व्यास) जुळतो. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना ४×१०० आणि क्रेटाला ५×११४.३ पीसीडी असतो, एवढं तर काउंटरवरच्या पोऱ्यालाही पाठ असतं. टायर घासणार की नाही, हे मात्र भोकांवर ठरत नाही. रिमची रुंदी, ऑफसेट आणि टायरचा साइज या तीन आकड्यांवर ते ठरतं, आणि पैसे मोजायच्या आधी हे तिन्ही आकडे कागदावर मांडता येतात.

यातला ऑफसेट बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. रिमच्या रुंदीची बरोबर मधली रेषा धरा. हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारी जागा त्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला जितके मिलिमीटर असेल, तेवढा ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्याच्या मागे ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. आकडा कमी झाला की चाक मडगार्डच्या बाहेर येतं, वाढला की आत स्ट्रटकडे (चाकामागच्या स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या उभ्या दांड्याकडे) सरकतं.

हिशेब सोपा आहे. रुंदीचे इंच गुणिले २५.४, त्याचे अर्धे. त्यात ऑफसेट मिळवला की हबच्या तोंडापासून आतली कड, वजा केला की बाहेरची कड. समजा कंपनीचं रिम ५.५ इंची, ईटी ४५ आहे. अर्धी रुंदी ६९.८५ मिमी, म्हणजे आत ११४.८५ आणि बाहेर २४.८५. आता ७ इंची, ईटी ३८ पसंत पडलं. अर्धी रुंदी ८८.९; आत १२६.९, बाहेर ५०.९. म्हणजे चाक स्ट्रटकडे १२ मिमी सरकलं आणि मडगार्डकडे २६ मिमी बाहेर आलं. सव्वीस मिलिमीटर म्हणजे एक इंचाहून जास्त. एवढी जागा हॅचबॅकच्या मागच्या मडगार्डमध्ये सहसा नसतेच. तेच रिम ६.५ इंची, ईटी ४५ घेतलं तर दोन्हीकडे १२.७ मिमी वाढतात आणि मग काम बरंच सोपं होतं. शिवाय रिम अर्धा इंच रुंद झालं की त्याच साइजचा टायरही साधारण ५ मिमी फुगतो. तो आकडाही धरा.

टायरची उंचीही तपासायची. १८५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची; त्याचा एकूण व्यास ६२१.५ मिमी. त्याच्या जागी १९५/५५ आर१६ घातला तर ६२०.९, म्हणजे जवळपास तोच. २०५/५५ आर१६ चा ६३१.९ होतो, साधारण १.७ टक्के जास्त. बहुतेक गाड्यांत चालून जातो. १९५/६० आर१६ ला ६४०.४, तीन टक्क्यांच्या वर. तिथे स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागतो आणि पूर्ण वळवलेलं पुढचं चाक लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) लागण्याची शक्यता वाढते. ‘टायर मोठा म्हणजे गाडी भारी दिसते’ हा समज आवरायचा तो इथेच.

आता गाडीत खरी जागा किती आहे ते मोजू. सपाट जागी, स्टीअरिंग सरळ ठेवून, जुन्या टायरची बाहेरची भिंत आणि मडगार्डची आतली घडी यांतलं अंतर फूटपट्टीने घ्या. नंतर चाक काढून टायरची आतली बाजू आणि स्ट्रट यांतलं अंतर मोजा. वरच्या हिशेबातले वाढीचे आकडे यातून वजा करा. स्ट्रटकडे निदान ५ मिमी शिल्लक हवेत. मडगार्डकडे जास्तच ठेवा, कारण तिथे चाक वरखाली होतं आणि वळणावर टायरची भिंत वाकते.

दुकानात पुढचं एकच चाक चढवून बघायला मागा. स्ट्रटवर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा चिकटवा, टायरच्या खांद्याला (माथा आणि भिंत मिळतात त्या कडेला) जाड पांढरा खडू फासा. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. घोडा जॅक सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली (चाक धरणाऱ्या दांड्याखाली) लावून बॉडी उचलायला लागेपर्यंत वर घ्या, म्हणजे स्प्रिंग दबते. मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हात आत घालू नका. क्ले चेपला असेल तर उरलेला थर किती जाड आहे ते बघा. तेवढीच तुमची जागा. लायनरवर खडू उमटला तर तिथे घासणार, यात शंका नको. स्टीअरिंग थांबल्यावर कॅलिपर (ब्रेकचा डिस्क पकडणारा भाग) आणि आऱ्याच्या मागच्या बाजूमध्ये बोट घालून अंदाज घ्या. बॅलन्सिंगची चिकटवजनं रिमच्या आतल्या भिंतीला लागतात. ती कॅलिपरला घासणाऱ्या जागी नकोत.

मागच्या चाकाची परीक्षा वजनाने होते. डिकीत कांद्याच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या, मागच्या सीटवर दोन जण, आणि गतिरोधक. रिकाम्या गाडीवर पास झालेलं चाक इथे हमखास नापास होतं. नंतर नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात एक फेरी मारा. तिथली वळणं बाहेरच्या बाजूचं सस्पेन्शन चांगलंच दाबतात. भार मात्र कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवा.

आवाजावरूनही कळतं. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘खर्र’ आलं तर पुढचा लायनर, बंपरची कड किंवा मडफ्लॅप. मडफ्लॅपचा स्क्रू आत डोकावत असतो आणि टायरला चरा पाडतो, तो आधी बघा. भरलेल्या गाडीत गतिरोधकावर ‘घर्रर्’ आलं तर मागचं मडगार्ड. सरळ रस्त्यावर सतत आवाज येत असेल आणि टायरच्या आतल्या भिंतीवर गोल चकाकती रेघ दिसली, तर टायर स्ट्रटला लागतोय. त्या अवस्थेत कसाऱ्याचा घाट उतरायचा विचारही करू नका. खांद्यावर घासलं तर रबर झिजतं, पण भिंत पातळ असते. ती कापली गेली की टायर फुटतो.

उपायांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपाय म्हणजे एक साइज अरुंद टायर. लायनर जरासा लागत असेल तर हीटगनने तापवून मागे दाबता येतो किंवा क्लिपने ओढून घेता येतो. मडगार्डची घडी रोल करायची असेल तर रंग आधी गरम केलाच पाहिजे, नाहीतर तडा जातो आणि एका पावसाळ्यात तिथून गंज धरतो. इगतपुरीकडे रोज जाणाऱ्यांनी रोल केलेल्या घडीवर नंतर अँटिरस्ट मारून घ्यावं. पुढच्या चाकांना कॅम्बर बोल्टने (चाकाचा झुकाव बदलणाऱ्या बोल्टने) एक अंश आत झुकवलं तर टायरचा माथा साधारण ५ मिमी आत येतो. ट्विस्ट बीमच्या (दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईने जोडलेल्या) मागच्या अ‍ॅक्सलला मात्र ही सोय नसते.

स्प्रिंगमध्ये रबरी बफर अडकवून घासणं थांबवायचं, हा आपल्याकडचा लाडका जुगाड. त्याने गाडी थोडी उचलली जाते, पण ताण स्प्रिंगच्या उरलेल्या वेढ्यांवर येतो. चाकाचा चुकलेला ऑफसेट तसाच राहतो.

स्पेसरचंही तसंच. आतलं घासणं थांबवण्यासाठी ५ मिमीचा स्पेसर (हब आणि रिममध्ये बसणारी चकती) टाकला की चाक तेवढंच बाहेर येतं. शिवाय नटाला स्टडचे आटे कमी मिळतात. १२ मिमीच्या स्टडला निदान स्टडच्या जाडीएवढी पकड हवी, म्हणजे १.५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) ८ फेरे आणि मारुतीच्या १.२५ पिचला १० फेरे. फेरे मोजा, अंदाज नको.

गाडीच्या कंपनीऐवजी बाजारातून घेतलेल्या रिमचं मधलं भोक बहुतेकदा ७३.१ मिमीचं असतं आणि स्विफ्टचा हब ५४.१ चा. मधल्या फटीत रिंग टाकली नाही तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही, ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगवर जातो. घाटात ब्रेक तापतात, म्हणून प्लास्टिकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमची रिंग घ्या.

नट एकाआड एक, हाताने बसवून, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळा. गनने ठोकून घेतलेलं आवळणं मोजलेलं नसतं. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा.

आणि स्टेपनी. होंडा, फोक्सवॅगनच्या मूळ नट-बोल्टचा बूड गोल असतो, बाहेरच्या अलॉयला निमुळता लागतो. जुने नट-बोल्ट पिशवीत घालून डिकीत ठेवा. स्टेपनी बसवताना तेच लागतील.