इंटरफेरॉन, टीएनएफ आणि ल्युकेमियाच्या पेशीचे मरण

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींना अमर म्हटले जाते, पण स्वतःहून मरण्याची, म्हणजे अपॉप्टोसिसची, यंत्रणा त्यांच्यातही बहुतांशी शाबूत असते. बीसीएल-२ सारखी प्रथिने आणि हे मरण घडवणाऱ्या कॅस्पेज विकरांना रोखणारी आयएपी कुळातील प्रथिने ती दाबून ठेवतात. प्रतिकारसंस्थेचे संदेशवाहक रेणू हा दाब कसा सैल करतात, हे हेअरी सेल ल्युकेमिया या केसाळ दिसणाऱ्या पेशींच्या प्रकारात फार स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच या दुर्मीळ आजाराकडे अधिक लक्ष जायला हवे असे मला मनापासून वाटते.

विषाणूंना अडवणारा पदार्थ म्हणून 1957 मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी शोधलेल्या इंटरफेरॉनच्या अल्फा प्रकाराला अमेरिकेत 1986 मध्ये याच आजारासाठी मान्यता मिळाली. रुग्ण सुधारत होते, पण पेशी नेमक्या कशाने मरतात याचा उलगडा बराच उशिरा झाला. या पेशी स्वतःच टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात. एरवी टीएनएफ त्याच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरील त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की आयएपींच्या मदतीने एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागे होते, ते जगण्यास उपकारक जनुके चालू करते, त्यांत आयएपींचीही जनुके येतात, आणि पेशी तगून राहते. इंटरफेरॉनमुळे आयएपींचे प्रमाण घटले की तोच टीएनएफ कॅस्पेज-८ ला जागे करून पेशीला मारू शकतो. काही पेशींत कॅस्पेज-८ बिड या प्रथिनाचे तुकडे करतो, त्यातून तंतुकणिकांचे (मायटोकॉन्ड्रियांचे) बाह्य आवरण छिद्रित होते, त्यांतले सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते आणि परतीची वाट उरत नाही. मारक संदेश आधीपासूनच तिथे होता. बदलली ती पेशीची त्याला तोंड देण्याची ताकद.

मात्र प्रयोगांत असेही आढळले, की फायब्रोनेक्टिनसारख्या, पेशींभोवतीच्या आधारद्रव्याला चिकटून असलेल्या पेशी या परिणामातून वाचतात. औषध उत्तम असूनही काही पेशी का मागे उरतात, याचा विचार करताना ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

टीएनएफच औषध म्हणून शिरेतून द्यावा, हा विचार पूर्वी करून झाला आहे. त्याने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरतो. म्हणूनच आयएपींना निष्प्रभ करणाऱ्या, स्मॅक या नैसर्गिक प्रथिनाची नक्कल करणाऱ्या रेणूंवर संशोधन चालू आहे, आणि बीसीएल-२ ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध तर 2016 पासून रुग्णांपर्यंत पोहोचले आहे.