तीन जादा, तीन कमी

दुकान बंद होणार हे आम्हाला मीटिंगमध्ये कळलं नाही, मालावरून कळलं. दर आठवड्याला येणारा माल आधी अर्ध्यावर आला, मग नव्या सीझनचे खोके आलेच नाहीत. शेल्फ रिकामं दिसू नये म्हणून आम्ही उरलेला माल पुढे ओढून कडेला लावत होतो. ह्याला फेसिंग म्हणतात. पुढून भरगच्च, मागे पोकळ. महिनाभर ते नाटक केल्यावर वरचे साहेब आले आणि ६ आठवड्यांची मुदत सांगून गेले.

मी फ्लोअरवर १६ वर्षं आहे, त्यातली ९ सुपरवायझर म्हणून. सध्या सेल चालू आहे. २० टक्के, ४० टक्के, आता ७०. गिऱ्हाईक म्हणतं, "बंद होतंय? अरेरे, वाईट वाटलं हो." आणि त्याच श्वासात, "पुढच्या आठवड्यात अजून कमी होईल का?" मी त्यांना दोष देत नाही. पण गेली काही वर्षं हीच माणसं आमच्याकडे चपला घालून बघायची, फोनने बारकोड टिपायची आणि दुसरीकडून मागवायची. आम्ही मापं दाखवणारे झालो होतो, विकणारे नव्हे.

घरात बायोडाटा करायला बसले तेव्हा मुलीने विचारलं, "आई, तू नक्की काय करतेस? एका ओळीत सांग." मी सांगितलं, विक्री. तिने लिहिलं. १६ वर्षं त्या एका शब्दात मावली म्हणून मला इतका राग आला की मी उठून भांडी घासायला गेले.

ज्याला त्याला माझ्यासाठी एकच कल्पना सुचते. "तुला माणसांची सवय आहे, रिसेप्शनला बस, कॉल सेंटर बघ, विमा विक." खरं सांगू? मला माणसांचा कंटाळा आलाय. बिलाशिवाय बदलायला आलेल्या वस्तूवर हसतमुखाने वाद घालणं मला जमतं, पण जमतं म्हणजे आवडतं असं नाही. हे मोठ्याने कबूल करायला मला १६ वर्षं आणि एक बंद पडणारं दुकान लागलं.

मला आवडते ती मागची खोली. स्टॉक मोजणं. त्यातही मोजणं नाही, फरक शोधणं. एकदा लव्हेंडरचे साबण सिस्टीमपेक्षा ३ जादा निघाले आणि लिंबाचे ३ कमी. सगळे म्हणाले चोरी. चोर ३ साबण नेईल, पण दुसऱ्या वासाचे ३ ठेवून कशाला जाईल? कुणीतरी दोन्हींचे तीन-तीन घेतले होते आणि काउंटरवरच्या मुलाने घाईत लव्हेंडरचाच एक साबण सहा वेळा स्कॅन केला होता. किंमत एकच, त्यामुळे गल्ला बरोबर, साठा चूक. असे शंभर प्रकार असतात. बारा नगांचा खोका एक नग म्हणून जमा होतो. फुटलेली बाटली झाडून टाकतात आणि नोंद करायची राहते. वर्षाअखेरी हे सगळं "श्रिंकेज" म्हणजे मालातली घट नावाच्या एका आकड्यात जातं आणि बिचाऱ्या चोरांवर ढकललं जातं.

फाटलेल्या लेबलवरचा बारकोडचा तेरा आकडी नंबर हाताने टाकताना शेवटचा अंक दिसत नसेल तर मी तो तोंडी काढते. पहिल्या बारांपैकी सम जागांवरच्या अंकांची बेरीज तिप्पट करायची, त्यात विषम जागांवरचे तसेच मिळवायचे, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा. नवीन मुलांना ही जादू वाटते. बायोडाट्यात ती कुठे लिहायची, हे मुलीलाही सुचलं नाही.

तर मी गोदामात इन्व्हेंटरीच्या कामासाठी अर्ज करतेय. पगार आताच्यापेक्षा थोडा कमी असेल, पाळ्या असतील, आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान साहेब असेल. नवऱ्याची शंका वेगळी आहे. तिथेही यंत्रं येणार, मग परत तेच. बरोबर आहे त्याचं. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९१६ साली पहिलं सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकान निघालं तेव्हा काउंटरमागून वस्तू काढून देण्याचं काम गिऱ्हाइकाकडे गेलं. बिल करण्याचं कामही आता त्याच्याच गळ्यात पडतंय. आणि आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे टॅग असले तर खोका न उघडता आतले नग मोजले जातात, माझ्या हातातलं स्कॅनर एकेक बारकोड वाचतं तसं नाही. मोजण्याच्या जोरावर मी तिथे टिकणार नाही हे मला कळतं. ३ जादा आणि ३ कमी एकत्र बघायला कुणीतरी लागेल, एवढ्यावर मी अर्ज केलाय. हा जुगार आहे, आणि नवऱ्याला मी तसंच सांगितलंय.

रात्री एक्सेल शिकते. पिव्होट टेबल आलं, व्हीलुकअप अजून दगा देतं. मुलगी शिकवताना उसासे टाकते, तेवढे मी नवीन मुलांना शिकवताना कधी टाकले नाहीत.

अडलंय ते अनुभवपत्रावर. कंपनीच्या छापील नमुन्यात हुद्दा आणि तारखा एवढंच. साठ्याचं काम मी बघत होते हे त्यात घाला म्हटलं तर उत्तर आलं, नमुना बदलता येत नाही. शेवटी स्टोअर मॅनेजरला म्हटलं, सर, तुम्ही वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहून द्या. त्यांचीही नोकरी त्याच तारखेला संपतेय. काल दुकान बंद झाल्यावर आम्ही बिलिंगच्या काउंटरवर बसलो. माझं पत्र त्यांनी दहा मिनिटांत लिहिलं, साबणाच्या गोष्टीसकट. मग कोरा कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता मला सांगा मॅडम, मी इथे काय करत होतो?"