आंबा घाटाचा उतार आणि निळा धूर

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन ऑइल, खाली एक थेंबही न गळता, १,००० किलोमीटरमागे अर्ध्या लिटरहून अधिक कमी होऊ लागले, तेव्हा रत्नागिरीत बहुतेकांनी ‘रिंगा (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या कड्या) गेल्या, इंजिन खोला’ असाच सल्ला दिला. मला तो घाईचा वाटला. आंबा घाट खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इनटेक मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधली) ओढ वाढते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या, ऑइल अडवणाऱ्या रबरी टोप्यांमधून) ऑइल सिलिंडरमध्ये खेचले जाते. म्हणूनच साखरप्याकडे पोहोचून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा लोट निघाला, तेव्हा माझा संशय सीलवर गेला. रिंगा झिजल्या असत्या, तर धूर चढावर, इंजिनावर भार असताना अधिक दिसला असता.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घेतले. आकडे मुळातच चांगले होते आणि सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घातल्यावरही फारसे वाढले नाहीत; रिंगा झिजल्या असत्या, तर ते वाढले असते. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये सोडणारी झडप; ती अडकली तरी ऑइल ओढले जाऊ शकते) मात्र काजळीने चिकटला होता. भाग स्वस्त, म्हणून तो आधी बदलला. त्याने थोडाच फरक पडला. मग मिस्त्रींनी हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता, स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरले आणि सील बदलले. (जाड ऑइल ओतून वेळ मारून नेणे मला पटत नाही.) आता घाट उतरल्यावर धूर दिसत नाही.